चाल : स्वतंत्र

सुनेचा मला पहिला संशय आला तो तिच्या गाण्यांवरून. पोरगी पुण्याची. लग्न होऊन आमच्या नेवाशाच्या घरी आली, लॅपटॉपवर घरूनच नोकरी करते, बोलायला गोड, कामाला कधी नाही म्हणत नाही. इतकं सगळं सरळ असलं की मला चैन पडत नाही. मी जन्मभर हायस्कुलात गणित शिकवलं आणि दर मार्चला दहावीच्या परीक्षेत सुपरव्हिजन केलं. मान खाली घालून शांतपणे लिहिणाऱ्या मुलाच्याच बाहीत चिठ्ठी सापडते, हे इतक्या वेळा पाहिलंय की शांत माणूस दिसला की माझी नजर आधी त्याच्या बाहीकडे जाते. मी निवृत्त झाले, नजर काही झाली नाही.

तर ही सून स्वयंपाक करताना एक छोटा स्पीकर ओट्यावर ठेवायची. त्यातून एक बाई आणि एक बुवा इंग्रजीत गायचे. बुवा नुकताच झोपेतून उठल्यासारखा, आणि बाई विहिरीत वाकून गातेय असं वाटावं अशी. मागे सतार, पण ती वाजत नव्हती, गाणं संपेपर्यंत नुसतं लावणंच चाललेलं. मध्येच घंटा. मध्येच बाजाच्या पेटीचा एकच सूर, धरला तो धरलाच, सोडायचं नाव नाही. एक गाणं तर म्हणे तळ्याच्या बाजूनं होतं, म्हणजे तळं स्वतःच गात होतं.

"तळं कशाला गाईल?" मी विचारलं.

"आई, सायकेडेलिक फोक आहे ते. जुनी ब्रिटिश जोडी आहे, दोघंच जण. लोकगीतं घ्यायची आणि मन नेहमीच्या रस्त्यावरून जरा बाजूला नेईल अशी करायची."

"कशानं नेईल?"

ती हसली. "त्या काळात ओढत असतील काहीतरी."

ती दुपारी मीटिंगला बसली तेव्हा मी गच्चीवर जाऊन तिच्या कुंड्या तपासून आले. पुदिना होता, गवती चहा होता आणि जाड पानांचं एक झाड होतं ते मला ओळखू आलं नाही. त्याचं पान पदराला बांधून मेडिकलवाल्याला नेऊन दाखवलं. तो माझाच विद्यार्थी. पान चुरगळून वास घेतला आणि म्हणाला, "ओवा आहे मॅडम. भजी करा." तरी मी तिच्यावर लक्ष ठेवूनच होते. माझा मुलगा नगरच्या एमआयडीसीत, शनिवारी येणार. यजमान राहात्याला त्यांच्या पेरूच्या बागेत. म्हणजे घरात लक्ष ठेवायला मीच. चौथे माझे वडील, अण्णा. त्यांची नव्वदीकडे वाटचाल चाललेली, गुडघे गेलेले, कान मात्र शाबूत.

नोव्हेंबरातली सकाळ होती. आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो आणि त्या जोडीचं एक नवीनच गाणं लागलं. सतार नव्हती, घंटा नव्हती. नुसती पेटी आणि त्या बाईचा आवाज. पहिली ओळ झाली आणि माझे हात थांबले. दुसरी ओळ झाली. तिसऱ्या ओळीत जिथं सूर टेकायला हवा तिथं तो टेकला नाही, एक मात्रा उगाच थांबला आणि मग टेकला.

"बंद कर," मी म्हणाले. "नको, बंद नको. परत लाव."

ते अण्णांचं गाणं होतं. शब्द इंग्रजी, पण चाल अण्णांची.

इथं थोडं सांगायला हवं. आम्ही ख्रिस्ती. आमच्या चर्चमध्ये गाणी मराठीत, पेटी-ढोलकीवर. आणि मराठी गाण्यांच्या पुस्तकाची जुनी रीत अशी की प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात त्याची चाल लिहायची. अभंगाची असो, नाटकातल्या पदाची असो की विलायती स्तोत्राची. जिथून उचलली त्या गाण्याची पहिली ओळ द्यायची. उचलल्याची कुणाला लाज वाटत नाही. कुठून उचलली ते सांगितलं नाही तर मात्र लोक बोलतात. आणि चाल कुणाचीच नसेल, कवीनं स्वतःच बांधली असेल, तर लिहायचं 'चाल : स्वतंत्र'. हे दोन शब्द आमच्या पुस्तकात फार थोड्या गाण्यांच्या नशिबी आले आहेत.

अण्णा साखर कारखान्याच्या काट्यावर कारकून होते आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. आयुष्यात त्यांनी एकच गाणं केलं, आई गेली तेव्हा. मी चार वर्षांची होते. आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती आणि तापानं आठवड्याभरात गेली. ते गाणं आता आमच्याकडे मयत उचलताना म्हणतात. नेवाशापासून पार खर्ड्यापर्यंत कुठल्याही ख्रिस्ती मयतीला जा, शवपेटी खांद्यावर घेतली की हेच सुरू होतं. तिसऱ्या ओळीतली ती आगाऊ मात्रा तर प्रसिद्धच. नवा ढोलकीवाला तिथं हमखास आपटतो आणि जुनी माणसं, मयतीत का होईना, एकमेकांकडे बघतात.

इतकी वर्षं ते गाणं तोंडी आणि झेरॉक्सवर चाललं होतं. आता पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती, आणि तिच्यात अण्णांचं गाणं पहिल्यांदा छापून येणार होतं, अण्णांच्या नावानं, डोक्यावर 'चाल : स्वतंत्र' असं लिहून. नाताळच्या उपासनेत प्रकाशन, अण्णांच्या हातून. त्यांनी त्यासाठी पांढरा शर्ट शिवायला टाकला होता आणि शिंप्याला रोज माझ्या फोनवरून फोन लावत होते. ज्या माणसाला पन्नास वर्षं कुणी पेटीवाला याच्यापलीकडे ओळखलं नाही, त्याला आता काहीतरी मिळत होतं. मला त्याचा किती आनंद झाला होता ते मी कुणाला बोलले नव्हते.

म्हणून त्या सकाळी माझं डोकंच फिरलं. चोर! गोरे आले, हिंडले, आमच्या कुठल्यातरी मयतीत उभे राहिले आणि चाल उचलून घेऊन गेले. त्या काळात झोळ्या अडकवून हिंडणारे गोरे कमी नव्हते. सून म्हणाली, "आई, योगायोग असेल. सूर सातच."

"उत्तर बरोबर आलं तर योगायोग," मी म्हणाले. "दोन पेपरात चूक सारखी आली की कॉपी. ती तिसऱ्या ओळीतली मात्रा चूक आहे. ती दोघांना एकाच जागी कशी सुचेल?"

ती मोबाईलमध्ये शोधायला लागली आणि मी मेथीच्या काड्या पानांत टाकायला लागले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आई, एक सांगू? रागावणार नसाल तर."

तिनं जे सांगितलं त्यानं माझा राग गेला नाही, फक्त त्याचं तोंड फिरलं. त्या जोडीची ती रेकॉर्ड आली तेव्हा माझी आई जिवंत होती. अण्णांचं गाणं तेव्हा झालंच नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, त्या दोघांनी चाल आमचीच असं म्हटलंही नव्हतं. गाण्यापुढे त्यांनी 'पारंपरिक' असं लिहिलं होतं.

ओढणारे, तळ्याच्या तोंडून गाणारे ते दोघं खरं बोलत होते. मग स्वतंत्र कोण म्हणत होतं?

अण्णांवर संशय घ्यायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. पण एकदा पाल चुकचुकली की मी माझं ऐकत नाही. पुढचे काही दिवस मी त्यांच्याभोवती घिरट्या घालत राहिले. चहा देताना सहज विचारायचं, "अण्णा, तुम्ही पूर्वी रेडिओ फार ऐकायचात ना?" ते म्हणायचे, "ऐकायचो की." "इंग्रजी गाणी?" "लागली तर लागली." "आणि तुम्ही ती चाल बांधली तेव्हा आधी पेटीवर बांधली की तोंडानं?" यावर त्यांनी बशीतला चहा फुंकला आणि म्हणाले, "शर्टाचं काय झालं गं? लाव की त्याला फोन."

शर्ट! उत्तर येत नसलं की पोरं पाणी प्यायला जाऊ का विचारतात, अगदी तसंच. कुठेतरी पाणी मुरतंय याची माझी खात्री झाली. त्यांनी रेडिओवर ऐकलेलं गोऱ्यांचं गाणं उचललं, शब्द मराठी घातले आणि गप्प बसले. मला एकच गोष्ट पटत नव्हती. चौथ्या ओळीत अण्णांची चाल खाली उतरते आणि त्या बाईची वर जाते, चांगलीच वर. पण त्याचंही स्पष्टीकरण माझ्याजवळ होतं. हुशार पोरं कॉपी करताना एखादी ओळ मुद्दाम बदलतात.

मला वाईट वाटत होतं, आणि भीती जास्त वाटत होती. सुनेला जे मोबाईलवर सापडलं ते उद्या चर्चमधल्या कुठल्याही पोराला सापडलं असतं. पुस्तक छापून झाल्यावर, प्रकाशन झाल्यावर, शर्ट घालून झाल्यावर. मग लोकांनी अण्णांना काय म्हटलं असतं? आणि तेही कुठल्या गाण्यावरून, तर माझ्या आईच्या मयतीच्या. बायकोच्या मयतीतसुद्धा यानं उसनं गाणं स्वतःचं म्हणून खपवलं, असं बोलले असते. लोक बोलतात. मीही बोलले असते.

मग पाळकसाहेबांचा फोन आला. "मॅडम, उद्या सकाळी मजकूर नगरला प्रेसमध्ये जातोय. अण्णांचं सगळं बरोबर आहे ना? काही बदल?"

"संध्याकाळी सांगते," मी म्हणाले.

संध्याकाळची जेवणं झाली. अण्णा पडवीत बाजेवर बसले होते, पायावर चादर. मी सुनेचा स्पीकर आणला आणि त्यांच्या उशाशी ठेवला. सून दारात उभी राहिली. मी मात्र बरोबर समोर उभी राहिले, तोंड आणि हात दोन्ही दिसतील अशी.

"अण्णा, एक गाणं ऐका," म्हणून मी लावलं.

पेटीचा तो धरून ठेवलेला सूर आला. अण्णांनी मान तिरकी केली. "भाता फाटका हाय त्येचा," म्हणाले. मग बाई गायला लागली. पहिल्या ओळीलाच त्यांची बोटं चादरीवर हलायला लागली, पेटीवर हलतात तशी. दुसरी ओळ. तिसरी. त्या आगाऊ मात्रेला त्यांचं बोट बरोबर उचललेलं, थांबलेलं. न सांगता, न चुकता. सापडले, मी मनात म्हणाले.

चौथ्या ओळीला त्यांचं बोट सवयीनं खाली गेलं आणि बाईचा आवाज वर गेला. बोट तिथंच राहिलं. ते स्पीकरकडे असे बघायला लागले की मला वाटलं त्यांना काही होतंय.

"परत लाव," ते म्हणाले.

वेळ काढतायत, मला वाटलं. तरी लावलं. या वेळी त्यांनी बोटं हलवली नाहीत. डोळे मिटून घेतले आणि बाई वर गेली तेव्हा त्यांचा गळा आतल्या आत हलला.

"अण्णा, ही चाल तुम्ही कुठून घेतली?" मी विचारलं. आवाज वर्गातलाच निघाला.

"ही बाई कोन?"

"विलायतेतली आहे कुणीतरी. विषय बदलू नका."

"हिला कुनी शिकिवलं ह्ये?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय."

त्यांनी स्पीकरवर हात ठेवला. मग म्हणाले, "तुज्या आईची हाय."

मी काही म्हणायच्या आत ते पुढे बोलायला लागले, माझ्याकडे न बघता. "पाळी सुटून घरी आलो की आत तिचं चाललेलं असायचं. शबुद न्हाईत, नुसतं हूं हूं. भाकरी करताना, तुला न्हाऊ घालताना. ती मदली थांबायची जागा पन तिचीच. तितं ती स्वास घ्यायची. ती गेली तवा मंडळी दारात उबी. कुनाला काय म्हनावं सुचंना. मी बाजा वढला आन हात तेच वाजवाय लागलं. शबुद मागनं लावले."

"मग चौथी ओळ खाली का आणलीत?"

"वर जानारा गळा तिचा हुता, पोरी. तिलाच उचलून न्यायची हुती. मग वर कोन जानार?"

सून दारातून आत निघून गेली. मी बाजेच्या कडेला बसले. मला आई थोडीथोडी आठवते: तिच्या हाताचा दवाखान्याचा वास आणि छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ. आवाज आठवत नाही. लहानपणी मी आठवायचा फार प्रयत्न करायचे, मग सोडून दिला. शेकडो मयतींत मी ते गाणं म्हटलंय, खाली उतरणारं, आणि ते कधी वर जात होतं हे मला माहीत नव्हतं. मला रडू आलं आणि त्याच्याबरोबर रागही आला.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"तू कदी इचारलं न्हाईस."

"आणि आईला ती चाल कुठून मिळाली?"

"काय म्हाईत. दवाखान्यात गोरी मेट्रनबाई हुती, तिच्याकडनं असंल. न्हाईतर रेडिओवरनं. न्हाईतर तिच्या आईकडनं. बाईमानूस काम करताना गुनगुनतंय, त्ये कुटनं आलं कोन इचारतंय?"

खरं सांगते, तेवढ्यातही माझ्या डोक्यात आलंच की म्हातारा सापडला म्हणून मेलेल्या बायकोचं नाव पुढे करत नाही ना? पुरावा काय? मेट्रनबाई गेल्या, आई गेली, दवाखान्याची ती इमारतही गेली. सिद्ध काहीच होत नव्हतं, हे मला कळत होतं. पण दुसऱ्यांदा गाणं लागलं तेव्हाचं त्यांचं तोंड मी पाहिलं होतं.

"मग स्वतंत्र का म्हणालात?" मी हळू आवाजात विचारलं.

"मी कुटं म्हनलो? पाळकसायबांनी इचारलं, चाल कुनाची? मी गप ऱ्हायलो. त्येंनी आपलं ल्हिलं. काय सांगू त्येस्नी? चाल, माजी बायकू गुनगुनायची ती? असं छापत्यात व्हय पुस्तकात?"

ते चादरीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "फोन लाव त्येस्नी."

"शिंप्याला?"

"पाळकसायबांना."

मी लावला आणि आवाज मोठा करून फोन त्यांच्या हातात दिला. "सायब," अण्णा म्हणाले, "त्ये स्वतंत्र काढा."

"का हो अण्णा? मग काय लिहू?" पाळकसाहेबांचा आवाज रस्त्यावरून येत होता, मागे टेम्पोचा हॉर्न. "पारंपरिक लिहू का?"

"न्हाई. पारंपरिक म्हंजे कुनाचीच न्हाई. शबुद माजे ऱ्हाऊ द्या. चालीपुडं हिच्या आईचं नाव घाला."

"अण्णा, चाल म्हणून आपण गाण्याची ओळ देतो. माणसाचं नाव आजवर कधी दिलेलं नाही. समितीला विचारावं लागेल. आणि मग तुम्ही फक्त शब्दांपुरते राहाल. सगळ्यांना सांगून झालंय, चाल तुमची म्हणून."

"सांगून झालं आसंल. चुकीचं सांगितलं. नाव घाला, न्हाईतर गानंच काढा पुस्तकातनं."

पाळकसाहेबांनी उसासा टाकला. मग म्हणाले, "बरं, लिहून घेतो. नाव काय त्यांचं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात आई म्हणजे 'तुझी आई' किंवा नुसतीच 'ती'. त्या पिढीत बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती, जिवंतपणी नाही आणि नंतरही नाही. तिच्या स्मरणाच्या प्रार्थनेतसुद्धा नाव पाळक घ्यायचे आणि अण्णा मान खाली घालून उभे राहायचे. मला वाटलं ते फोन माझ्या हातात देतील. मी हात पुढेही केला.

त्यांनी फोन दिला नाही. घसा साफ केला आणि नाव घेतलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी ते त्यांच्या तोंडून ऐकलं.

"काय म्हणालात? आवाज तुटतोय," पाळकसाहेब म्हणाले. "परत सांगा."

अण्णांनी परत सांगितलं, या वेळी मोठ्यानं. शेजारच्या पडवीतली माणसं वळून बघायला लागली. तरी पलीकडे नीट पोचेना, तेव्हा एकेक अक्षर सुटं करून, कुठं काना आणि कुठं वेलांटी ते सांगत, सावकाश. पाळकसाहेबांनी ते पूर्ण नाव एकदा वाचून दाखवलं.

"व्हय," अण्णा म्हणाले. "तीच."